अथेन्सला उभ्या उभ्या

आपल्याकडे पाहुणा 'उभ्या उभ्याच आलोय' म्हणतो आणि दोन तास बसतो. अथेन्सला माझं उलटं झालं. चार दिवस निवांत बघू म्हणून गेलो आणि चारही दिवस उभा होतो.

सुरुवात तशी बरी झाली. टॅक्सीत तरी बसायला मिळालं. टॅक्सीवाला फोनवर सारखा 'ने, ने, ने' करत होता. मला वाटलं, कुणाला तरी घरातला कपाट-सोफा उचलून न्यायला सांगतोय. विचारलं तर कळलं, ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो'. बायको मागे डुलक्या काढत होती, त्यामुळे हे ज्ञान माझ्यापाशीच राहिलं.

तिकिटं मुलाने जर्मनीत बसून (बसून!) काढली होती. अॅक्रॉपोलिसवर आता दिवसाला २०,००० माणसंच सोडतात आणि तीही वेळ ठरवून. आमची वेळ सकाळी आठची. "पर्वतीएवढीच तर टेकडी आहे," बायको म्हणाली. असेलही. पण पर्वतीला कोट्यवधी पायांनी घासलेला संगमरवर नाही. मोरीत साबण सांडल्यावर चालतो तसा मी देवी अथीनाच्या दारात पोचलो आणि समोर दिसला त्या दगडावर बूड टेकलं.

शिट्टी वाजली.

वळून पाहतो तर रखवालदारीण बाई. बोट माझ्याकडे, मग दगडाकडे, मग आभाळाकडे. दगड अडीच हजार वर्षांचा निघाला. तिथे साधा दगड नसतोच हो! चपलेत जाणारा खडासुद्धा पेरिक्लीसच्या काळातला असायचा.

अथीनाचं हे देऊळ, पार्थेनॉन, मात्र बघावं असंच. इ.स.पूर्व ४४७ मध्ये काम सुरू झालं. समोर आठ खांब, बाजूला सतरा, आणि मधे क्रेन. आपल्या काळातली दुरुस्ती संपतच नाही. तुर्कांनी या देवळात दारूगोळा साठवला होता. १६८७ साली व्हेनिसवाल्यांचा गोळा नेमका त्यावर पडला आणि छप्पर उडालं. इतिहासकार या घटनेला कलेची हानी म्हणतात. सकाळी अकराच्या उन्हात मी एवढंच म्हणेन, की सावली गेली.

शेजारच्या देवळात सहा दगडी बायका डोक्यावर छप्पर घेऊन उभ्या आहेत. त्या नकला. अस्सल पाचजणी टेकडीखालच्या संग्रहालयात आहेत. सहावी लॉर्ड एल्गिनने उचलून नेली, ती लंडनला असते. (याच एल्गिनचा मुलगा आणि नातू पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आले. कार्ल्याची लेणी डोंगरात कोरलेली आहेत हे आपलं नशीब.) संग्रहालयात त्या पाचजणींच्या घोळक्यात सहावीची जागा रिकामी ठेवली आहे. मी त्या जागेकडे आशेने बघत होतो.

"अहो, तिथे उभं राहायचं नाहीये."

"उभं कोण राहतंय!"

वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी आहे, मुळात १६० मीटर लांब. लंडनला गेलेल्या तुकड्यांच्या जागी प्लास्टरच्या पांढऱ्याफेक प्रती आहेत. घोडेस्वार चाललेत, बैल चाललेत, घागरी घेतलेली पोरं चाललीत. सगळी मिरवणूक बघत बघत आपणही चालत पूर्वेच्या टोकाला जावं, तर तिथे देव स्टुलांवर बसलेले! पोसायडन, अपोलो, आर्टेमिस ओळीने, पंगत उठायची वाट बघणाऱ्या व्याह्यांसारखे. म्हणजे या गावात बसायचं तर निदान ऑलिंपस पर्वतावर घर हवं.

मग माझ्या एकेक लक्षात येऊ लागलं. अॅरिस्टॉटलच्या पंथाचं ग्रीक नावच चालण्यावरून पडलंय. स्टोइक लोकांचं नाव ओसरीवरून, पण त्या ओसरीत त्यांचा गुरू झीनो येरझारा घालत शिकवायचा. सॉक्रेटिस तर लढाईवर असताना विचार करत रात्रभर उभाच राहिला, असं प्लेटोने लिहून ठेवलंय. आपल्याकडे पिंपळाखाली मांडी घातली की ज्ञान मिळतं. इथे संसदेसमोरचा झगेवाला शिपाईसुद्धा तासभर पापणी न हलवता उभा. त्याच्या झग्याला ४०० चुण्या असतात. मी मोजल्या नाहीत, पण मोजायला वेळ होता, कारण बायको फोटो काढत होती.

आणि खांब तर विचारू नका. बायकोनेच आठवण करून दिली, की कार्ल्याच्या चैत्यात काही खांब यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दान दिलेत, तसा लेखच आहे. एकवीरेच्या दर्शनाला आम्ही इतक्या वेळा गेलो, मी तो कधी बघितला नव्हता. पण बघा, हे लोक पार मावळात आले तरी खांबच देऊन गेले. एखादा बाक द्यावा, हे काही सुचलं नाही.

त्यातल्या त्यात जीव जडला तो ऑलिंपियन झ्यूसच्या देवळावर. १०४ खांबांपैकी १५ उभे आहेत आणि सोळावा १८५२ च्या वादळात आडवा झाला, तो चकत्या केलेल्या काकडीसारखा अजून पडून आहे. दीडशेहून जास्त वर्षं कुणी त्याला उठ म्हणालेलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी प्लाकाच्या एका गल्लीत मला खुर्ची दिसली. रिकामी, लाकडी, आणि या शतकातली. शेजारच्या टेबलावर दोन आजोबा जपमाळेसारखी मण्यांची माळ बोटांत खेळवत बसले होते. त्यांच्या पेल्यातली कॉफी तळाला गेलेली, बहुधा सकाळीच. कुणी त्यांना उठवत नव्हतं. तेव्हा मला हे गाव कळलं. आम्ही मिरवणुकीत होतो. देव इथे बसले होते.

मी थंडगार फ्रेडो कॉफी मागवली आणि घोट घोट पुरवली. तरी तासाभरात ती संपलीच. बायकोने पर्स खांद्याला लावली. "चला. पुरातत्त्व संग्रहालय राहिलंय. ट्रॉयच्या लढाईतल्या आगामेम्नॉन राजाचा सोन्याचा मुखवटा."

"तो त्याचा नाहीच म्हणतात. त्याच्या कितीतरी आधीचा आहे."

"मग तर बघायलाच हवा."

इतक्यात वेटर आला. रिकाम्या पेल्याकडे बोट दाखवून त्याने भुवया उंचावल्या, ग्रीकमध्ये काहीतरी विचारलं. आणखी एक आणू का, असंच असणार.

मी बायकोकडे बघितलं, मग पेल्याकडे, आणि अगदी शहाण्यासारखा म्हणालो, "ने."

"बरं झालं," बायको म्हणाली आणि उठून उभी राहिली.

वेटर दुसरी कॉफी घेऊन आला.