कॅसेट रिकामी होती

कॅसेट रिकामी होती. धुतलेली होती. नोव्हेंबरपासून तिला कुणी हातही लावला नव्हता. हे सगळं मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सविस्तर लिहिलं, पण तोवर व्हिडिओ सांगली, पुणे, हुबळी करत न्यू जर्सीपर्यंत जाऊन आला होता. व्हिडिओत मी आहे. गुडघ्यावर फाटलेली ट्रॅकपँट, हातात रबरी मोजे, आणि कॅराव्हॅनच्या संडासाखालची ती टाकी, जिला इथे कॅसेट म्हणतात, छातीशी कवटाळून मी घराच्या दारातून चाललोय. मागून सासऱ्यांचा आवाज येतो, "हे आमचे धाकटे जावई. इंग्लंड."

फक्त "इंग्लंड". पुढे काही नाही.

तर कॅराव्हॅन. गाडीमागे जोडून ओढत न्यायची एक खोली. हिवाळाभर ती भाड्याच्या आवारात उभी असते, कारण आमच्या घराच्या कागदपत्रांत घरासमोर कॅराव्हॅन ठेवायची नाही असं कलम आहे. इस्टरच्या आधी दोन-चार दिवस आणली, तर शेजारी पडद्याआडून बघतात आणि सोडून देतात. तेवढ्यात तिची उत्तरेकडची शेवाळलेली बाजू आणि खिडक्यांच्या रबरांखालचे काळे ओघळ घासून काढायचे, नळ उघडून बाळाच्या बाटल्या निर्जंतुक करायचं द्रावण पाइपांतून फिरवायचं, बॅटरी, गॅस, चाकं बघायची आणि निघायचं. यंदा नॉरफोकच्या किनाऱ्यावर, क्रोमरला. यात विनोदी काही नाही. विनोद सांगलीहून विमानाने आला.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. दुसरा काम करत असताना पाठीमागे हात बांधून उभं राहणं याला ते विश्रांती समजत नाहीत, ड्यूटी समजतात. सकाळचा चहा झाला की कानटोपी, स्वेटर, त्यावर माझंच जाकीट अशा थाटात ते हजर.

"जावईबापू, हे घर आपलंच ना?"

"हो अण्णा. बँकेचं आणि आपलं."

"संडास किती आहेत घरात?"

"दोन."

"मग हा तिसरा कशाला?"

मी शिडीवर होतो. छतावरचं शेवाळ घासताना तत्त्वचर्चा करता येत नाही. तरी सांगितलं, की समुद्राकाठी मुक्काम करायचा, आपलं अंथरूण, आपलं स्वयंपाकघर, मुलं मोकळी हिंडतात.

"आणि हे भरलं की?"

"तिथे एक ठरलेली जागा असते. नेऊन ओतायचं, धुवायचं."

"कोणी?"

"आपणच."

अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे संडास विकत घ्यायचा, गाडीला बांधून समुद्रावर न्यायचा, स्वतः उचलून रिकामा करायचा. मग सुट्टी नेमकी कुणाची?"

मी पाण्याचा पाइप चालू केला. आवाज होतो त्याचा, बरं असतं.

अर्ध्या तासाने बघतो तर अण्णा वर्तमानपत्राचा बोळा करून खिडकी पुसतायत. मी शिडीवरून ओरडलोच. कॅराव्हॅनच्या खिडक्या काचेच्या नसतात, ॲक्रिलिकच्या असतात. कागदाने ओरखडे उठतात, काच पुसायच्या फवाऱ्याने तडे जातात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस. हे मी शक्य तितक्या आदराने सांगितलं. शिडीवरून आदर पोचत नाही.

"चाळीस वर्षं सरकारी बंगल्यांच्या काचा अशाच पुसल्या," असं ते बोळ्याकडे बघून म्हणाले आणि चाकांकडे वळले. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून वाचले, "२३१९."

"२०१९ सालचा तेविसावा आठवडा. बदलायला हवेत."

"नक्षी तर नवीकोरी आहे!"

"कॅराव्हॅनचे टायर झिजत नाहीत, अण्णा. उभं राहून राहून खराब होतात. पाच वर्षं झाली की बदला म्हणतात, सात म्हणजे डोक्यावरून पाणी."

"उभं राहून खराब? मग आमचं सगळं खातंच बदलायला हवं होतं."

हे मात्र मला आवडलं. तसं बोललोही. तिथे चुकीचा संदेश गेला आणि ते आत आले.

आत मी ओल मोजत होतो. त्याचं एक छोटं यंत्र मिळतं, दोन टोकं भिंतीला टेकवायची, आकडा येतो. पंधरा टक्क्यांपर्यंत झोप लागते, वीसच्या वर गेलं की लाकूड कुजल्याची स्वप्नं पडतात. पुढच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात अठरा. माझा चेहरा पाहून अण्णांना खरंच काळजी वाटली. कारण कळल्यावर ते हसले ते खोकला येईपर्यंत. "अहो, २०१९ ला आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर पाणी होतं. गावभागातल्या भिंतींना तुमचं हे यंत्र लावलं असतं तर हातात फुटलं असतं. राहतात की माणसं!" मग महापुराची हकीकत सुरू झाली. कोयनेचा विसर्ग, अलमट्टीचं पाणी, कलेक्टर काय म्हणाले, आपण काय म्हणालो. निर्जंतुकीकरणाचं पाणी पाइपांत ठेवायची वेळ कधीच टळून गेली होती. मी मान डोलावत होतो.

आता कॅराव्हॅन ही मूळची नोकर बाळगणाऱ्यांची चैन, हेही त्यांना सांगून पाहिलं. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातल्या निवृत्त डॉक्टराने ब्रिस्टलच्या कारखान्यात हौसेने एक गाडी बांधून घेतली, नाव 'वॉन्डरर'. दोन घोडे, एक गाडीवान, आणि एक खासगी नोकर, जो तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा करायचा. अण्णांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे त्यांना माणूस होता," ते म्हणाले. याच विचारात त्यांनी खिशातून फोन काढला असावा, कारण त्यानंतर मी कॅसेट पुन्हा एकदा धुवायला बाहेर काढली.

ग्रुपवर पहिला प्रतिसाद साडूंचा. "तिकडे माणसं मिळत नाहीत का?" साडूंची गाडी बाणेरच्या सोसायटीत रोज पहाटे धुतली जाते. धुणाऱ्याला महिन्याला किती देता, असं मी विचारलं, तर उत्तराऐवजी गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' आलं. मावस सासूबाईंनी "कष्टाला लाज नसावी" असं लिहिलं, हे जास्त लागलं. गेल्या वर्षी ऑफिसात बढती झाली, तो फोटो टाकला होता. तिघांनी हात जोडले, त्यातल्या एकाचा रोख आदल्या श्रद्धांजलीकडे होता. बादली-ब्रशला मात्र शेजारची हुबळीसुद्धा जागी झाली.

आणि खरं सांगायचं तर रागवायला मला सासरे लागत नाहीत. आवाराचं भाडं, विमा, विम्यासाठी सक्तीचं कुलूप आणि चाकाची बेडी, वर्षाची सर्व्हिस, आता दोन टायर. मोटारवेवर ताशी साठ मैलांची मर्यादा, तिसऱ्या लेनमध्ये जायला बंदी, त्यामुळे मागे ट्रक आणि पुढेही ट्रक. मोठ्या मुलाला तिथे वायफाय हवं, धाकटीला कोळी दिसला की गाडीत झोपायचं असतं. बायको या सगळ्याला "तुझी हौस" म्हणते. चार माणसांच्या सुट्टीचं शेवाळ एकट्याने घासायचं, तर किमान हौस तरी सगळ्यांच्या नावावर असावी.

रात्री जेवताना अण्णांनी जाहीर केलं, की क्रोमरला तेही येणार. मागे कॅराव्हॅनमध्ये पडून येतो म्हणाले. चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणसं बसवायला मनाई आहे, हे सांगितल्यावर त्यांचा सूर बदलला. मग मुलीकडून फोनवर काहीतरी शोधून घेतलं आणि आमटीचा भुरका मारून म्हणाले, "तिथे हॉटेल आहे, समुद्रासमोर. आम्ही दोघं तिथेच उतरतो. तुम्ही सकाळी आंघोळीला या आमच्याकडे. संकोच करू नका."

हेही त्यांनी ग्रुपवर टाकलं. साडूंचा अंगठा लगेच आला.