पांझरेकाठचा कट्टा आणि टीव्हीवरचा तो एक तास

परवा संध्याकाळी धुळ्यात, देवपुरात पुलाजवळ आमचा नेहमीचा कट्टा बसलेला, नाना, आप्पा, मी आणि आप्पांचा भाचा, जो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि सुट्टीला आलेला. कागदात मुरमुऱ्यांचा भत्ता, चहा सांगितलेला. आणि हा पोरगा एकदम बोलून गेला की तुम्ही लोकांनी खरा टीव्ही पाहिलाच नाही, जगातला सगळ्यात भारी एक तास म्हणजे 'ब्रेकिंग बॅड'चा 'ओझीमँडियस' नावाचा एपिसोड, २०१३ चा, आयएमडीबी या रेटिंगच्या साईटवर वर्षानुवर्षं दहापैकी दहा होता.

नाना भडकलेच. "काय सांगी ऱ्हायना भो? तवय तू पैदा बी व्हयेल नव्हता, आम्ही टीव्ही देखी चुकनूत!"

पण पोराचं मी ऐकून घेतलं, कारण तो सांगत चांगला होता. म्हणे एक साधा केमिस्ट्रीचा मास्तर, कॅन्सर निघतो, घरच्यांसाठी म्हणून अंमली पदार्थ बनवायला लागतो आणि या एपिसोडात त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या साडूला वाळवंटात गोळी घालतात आणि हा तिथंच मातीत आडवा पडतो, तोंड उघडं पण आवाज नाही, आणि नंतर उरलेल्या पैशांचं एकच पिंप वाळूतनं ढकलत एकटा चाललेला. "मामा, पाच सीझन ज्याच्यासाठी केलं ते सगळं एका तासात जातं," म्हणाला. मी तो पाहिलाय. भारी आहे, खरंच. पण कोणी पाहिला? तू हेडफोन लावून होस्टेलच्या खाटेवर एकट्यानं पाहिला ना भो, मग तो तास तुझ्या एकट्याचा झाला, कट्ट्याचा कसा होईल, हे माझं म्हणणं.

नानांचा तास म्हणजे महाभारत. ऑक्टोबर १९८८ ते जून १९९०, दर रविवारी सकाळी, ९४ भाग. नाना तेव्हा साक्रीकडं गावी. लाईटचा भरोसा नाही म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणायची, तिच्यावर छोटा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही लावायचा, आणि बॅटरी उतरायला लागली की चित्र चारी बाजूंनी आकसत जायचं, शेवटी शेवटी अख्खं हस्तिनापूर पोस्टकार्डाएवढं. वस्त्रहरणाच्या रविवारी तसंच झालं. रूपा गांगुलीची द्रौपदी भर सभेत विचारते की जो आधी स्वतःलाच हरला त्याला मला पणाला लावायचा हक्क कुठनं आला, आणि कोणी बोलत नाही, मुकेश खन्नांचा भीष्म मान खाली घालून बसलेला. नाना सांगतात, ओट्यावर सत्तर-ऐंशी माणूस होतं आणि त्यांची आजी, जिनं जन्मात सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता, ती उठून उभी राहिली आणि टीव्हीकडं हात करून मोठ्यानं म्हणाली, "बोल ना रे डोकरा!"

हे सांगताना नानांचा आवाज बदलतो. दहा वेळा ऐकलंय मी, दर वेळी बदलतो. बाकीची मालिका आज पाहिली तर बाण हवेत आदळतात ते खोटं वाटतं, सेट खोटा वाटतो, पण राही मासूम रझांनी लिहिलेलं बोलणं आणि हरीश भिमानींचा तो 'समय'चा आवाज अजून जुना होत नाही. माझ्या मते तरी नाही.

आप्पांचं एकच. शारजाची वनडे मॅच, २२ एप्रिल १९९८. आग्रा रोडला एका दुकानात शटर अर्धं ओढून पाहिली म्हणे. ऑस्ट्रेलियाच्या २८४, बेव्हनचं शतक, आपली बॅटिंग चालू असताना वाळूचं वादळ आलं, खेळाडू जमिनीवर झोपले, स्क्रीनवर नुसता पिवळा धुरळा, आणि बाहेर धुळ्यातही एप्रिलची तीच धूळ. मग टार्गेट बदललं, ४६ ओव्हरात २७६, पण फायनलला जायला २३७ पुरे. आणि सचिन १४३. आप्पा उभं राहून पुढं सरसावत दाखवायला लागले, तो कसा मारत होता ते.

भाचा म्हणाला, "जिंकलो ना आपण मग?"

आप्पा खाली बसले. "नाही. २६ रननी हरलो. फायनल दोन दिवसांनी जिंकलो, त्याच्या वाढदिवसाला, १३४ मारले त्यानं."

"मग फायनल काबरं नाही सांगत तुम्ही?"

याच्यावर आप्पांकडं उत्तर नव्हतं, आणि माझं सगळं म्हणणं इथंच होतं, मी मघापासून मनात धरून बसलेलो. माझा तास ७ सप्टेंबर २०१९ ची रात्र, चांद्रयान-२ चंद्रावर उतरणार होतं ती.

गणपतीचे दिवस होते. आरती झाल्यावर मंडळाच्या पोरांनी मंडपातच टीव्ही आणून लावला, लहान लेकरं सतरंजीवर, बायका मागं खुर्च्यांवर, रात्रीचा दीड वाजून गेलेला आणि एक माणूस घरी गेलेला नव्हता. पडद्यावर काय, तर कंट्रोल रूममधली माणसं कॉम्प्युटरकडं बघत बसलेली, बस. एक आलेख, ठरलेली रेघ आणि तिच्यावरनं खाली खाली येणारा हिरवा ठिपका, म्हणजे आपलं यान. रफ ब्रेकिंग, म्हणजे वेग कमी करायचा पहिला टप्पा झाला, टाळ्या वाजल्या, आम्ही पण वाजवल्या, काय झालं ते नीट कळलेलं नसताना वाजवल्या. मग तो ठिपका रेघ सोडून बाजूला गेला आणि थांबला. कोणी काही बोलेना. ना तिकडं बंगळुरूला, ना इकडं देवपुरात. कॅमेरा नुसता एकेक चेहरा दाखवत होता आणि ते चेहरे लपवत नव्हते काही. बऱ्याच वेळानं इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सिवन उभे राहिले, दोन-तीन वाक्यं बोलले, २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणं होतं, त्यानंतर संपर्क तुटला, माहिती तपासतोय. माझ्या शेजारी सातवीतली एक पोरगी होती, ती म्हणाली काका आता परत ट्राय करतील ना आत्ताच? मला हो म्हणता येईना आणि नाही पण म्हणता येईना.

असला तास कोणी लिहू शकत नाही. लिहिणाऱ्यानं त्या शांततेत पंधरा सेकंदांत म्युझिक टाकलं असतं.

आप्पा म्हणाले, "अरे मग २३ ऑगस्ट २०२३ घे ना, चांद्रयान-३ सहा वाजून चार मिनिटांनी उतरलं, दक्षिण ध्रुवाजवळ पहिले आपणच, पेढे वाटले होते तू." वाटले. रडलो पण त्या दिवशी. पण खरं सांगू का, त्या संध्याकाळी मी उंचीचा आकडा सोडून दुसरं काहीच बघत नव्हतो, तो २.१ च्या खाली गेला तेव्हा कुठं श्वास सोडला, चंद्रावर टेकायच्या आधीच माझं निम्मं टेन्शन गेलेलं. ज्यानं २०१९ ची रात्र जागून काढली नाही त्याला २०२३ ची संध्याकाळ अर्धीच दिसली, असं माझं मत आहे आणि आप्पांना ते पटत नाही, म्हणाले दुःख धरून बसायची सवय आहे तुला. असेल. पण मग शारजाची फायनल सोडून हरलेली मॅच कोण सांगत होतं?

नाना मधेच म्हणाले की त्यांनी ते २०१९ चं पाहिलंच नाही. त्या रात्री गावाकडं होते, लाईट नव्हती, सकाळी पेपरात वाचलं. भाच्यानं मोबाईल काढला, व्हिडिओ शोधला आणि नानांच्या हातात दिला. आम्ही पण वाकून बघायला लागलो. टपरीवाला चहा ठेवून तिथंच थांबला. ठिपका रेघेवरनं खाली येत होता, टाळ्या वाजल्या, आणि मग तो बाजूला सरकला.

नानांनी भत्त्याचा कागद खाली ठेवला. "आते काय व्हयनं?"

सगळ्यांना माहिती होतं. कोणीच सांगितलं नाही.