घोडं इथेच पेंड खातंय

"काही घासावं लागत नाही, सरळ बसतो." हे ज्याने सुट्या घोड्याच्या पाकिटावर छापलंय ना, त्याला माझ्या गॅरेजमध्ये आणून बसवा. पुढ्यात कानस, पेचकस आणि तो घोडा ठेवा, आणि म्हणा, हं, बसव आता सरळ.

घोडा म्हणजे रिव्हॉल्व्हरचा घोडा, हॅमर. आईला फोनवर "घोडा मोडला" म्हटलं तर तिचा पहिला प्रश्न, "पडलास का रे?" टेक्सासात राहतो म्हणजे ऑफिसलाही घोड्यावरूनच जात असणार!

माझ्याकडे 1873च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली नक्कल आहे. सिंगल ॲक्शन, म्हणजे चाप नुसता घोडा सोडतो, चढवायचा दर खेपेला आपल्या अंगठ्याने. इथल्या क्लबात महिन्यातून एकदा आम्ही हौशी मंडळी हॅट-बूट घालून लोखंडी पाट्यांवर नेम धरतो. छान चाललं होतं. मग मी एका मित्राच्या हातात ती रिकामी करून दिली आणि त्या शहाण्याने सिनेमातल्यासारख्या तळव्याने घोड्यावर फटाफट थापा मारल्या. बरं, चाप तरी धड दाबून ठेवावा! तोही नाही. पडत्या घोड्याच्या खाचेत चापाचं टोक अडकत राहिलं. मी "अरे अरे" म्हणेपर्यंत आठ-दहा थापा झाल्या होत्या. घरी येऊन उघडतो तर घोड्याच्या पहिल्या खाचेचा ओठ, जो मुळातच पातळ असतो, त्याचा टवका उडालेला. महाशय तोवर "सॉरी यार" म्हणून जेवायला गेले होते.

म्हटलं, जाऊ दे, सुटा घोडा मागवू. भारतात 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राचा सुटा भागसुद्धा शस्त्रच. इथे तो टपालाने दारात येतो. आला, पण स्पर्धा उलटून गेल्यावर चार दिवसांनी. वरातीमागून घोडं म्हणतात ते माझ्याकडे अक्षरशः पाकिटातून आलं.

आता गंमत ऐका. घोडा हा काही एकटा जीव नाही. त्याच्या अंगावर एक छोटी तरफ लोंबते, ती चक्रीला, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याला, पुढच्या घरात ढकलते. त्याच्या कुशीला एक उंचवटा असतो, तो बोल्टला, म्हणजे चक्री अडवून धरणाऱ्या खिळीला, खाली ओढतो आणि नेमक्या वेळी सोडतो, म्हणजे बोल्ट चक्रीच्या खाचेत खट्कन बसतो आणि नळी आणि गोळी एका रेषेत येतात. त्याच्या पोटाला तीन खाचा, त्यांत चापाचं टोक. म्हणजे घोडा बदलला की तरफ, बोल्ट, चाप, तिघांशी नव्याने सोयरीक जुळवायची. आणि हे म्हणे "सरळ बसतो"! अहो, खुद्द कोल्ट कंपनीने 1976 साली या रिव्हॉल्व्हरची तिसरी पिढी काढली तेव्हा ही तरफ आणि चक्रीचे दाते बदलले, तिथे आधीच्या पिढीचा भाग चालत नाही. आणि तुम्ही सगळ्या नकलांना चालेल असा एकच घोडा विकताय?

या रिव्हॉल्व्हरचा घोडा चढवताना चार टकटक ऐकू येतात. पहिली खाच, दुसरी घोडा अर्धा चढल्याची, तिसरी बोल्ट बसल्याची, चौथी पूर्ण चढल्याची. माझ्या नव्या घोड्याला चौथी आधी ऐकू येते आणि तिसरी येतच नाही. म्हणजे घोडा पूर्ण चढलाय, चाप दाबायला तयार, आणि चक्री मात्र बोटाने ढकलली तर डोलतेय. हे बारच्या क्षणी झालं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. खरी काडतुसं मी त्यात घातलीच नाहीत, नकली घालून बघत होतो, एवढी अक्कल आहे मला. मग बोल्टचा पाय जरा घासला, तर आता बोल्ट फार लवकर उसळतो आणि चक्रीच्या निळ्या पॉलिशवर गोल ओरखडा उमटवत जातो. तीन वर्षं जपलेलं पॉलिश, एका संध्याकाळी गेलं.

हे सगळं जुळतंय की नाही बघायला दर वेळी मुठीचे सहा स्क्रू, मग आतली कमान, मग आणखी तीन स्क्रू. प्रत्येक स्क्रूची चीर अरुंद, जरा पेचकस घसरला की तिचे काठ चुरगाळले. एक तर आता असा दिसतोय जणू उंदराने कुरतडलाय.

वर सल्लागार आहेतच. "अरे, खाच जरा घासून टाक, चाप पण हलका होईल." घासून टाक! घोड्याची फक्त वरची कातडी कडक केलेली असते, आत पोलाद मऊ. कानस आधी काचेवरून घसरावी तशी घसरते, आणि एकदा का कातडी फाटली की खाच झिजत जाते. मग चढलेला घोडा नुसत्या अंगठ्याच्या रेट्याने सुटतो. पहिल्या खाचेचा तर मुळातच भरवसा नाही, उतरवलेल्या घोड्यावर धक्का बसला तरी खालची गोळी सुटू शकते, म्हणून सहा घरांच्या या रिव्हॉल्व्हरमध्ये आम्ही पाचच भरतो, घोडा रिकाम्या घरावर. एवढी धास्ती असलेल्या भागावर मी स्वयंपाकघरातल्या सुरीच्या दगडाने हात साफ करू?

शेवटी ज्याचं काम त्याला, म्हणून बंदुकीच्या कारागिराला फोन लावला. नंबर लागायला सहा आठवडे. आणि बसवायची मजुरी घोड्याच्या किमतीच्या दुप्पट.

मग म्हटलं, निदान हा परत तरी करावा. विकणाऱ्याचं उत्तर आलं: "बसवलेला भाग परत घेतला जात नाही." अरे बाबा, बसलाच नाही म्हणून तर परत देतोय!