लाल चौकटीपुढे आ वासताना

दातांच्या डॉक्टरांकडे जाताना पूर्वी नुसते दात घासून गेलं तरी चालायचं. आता थोडी श्रद्धाही सोबत न्यावी. खुर्चीत पाठ टेकते, ते टोचणारं सेन्सर गालात घुसतं, डोळ्यांत टचकन पाणी येतं आणि पडद्यावर तुमचा एक्स-रे उमटतो. काही सेकंदांत कृत्रिम बुद्धिमत्ता त्यावर रंगीत चौकटी काढून मोकळी होते. एका दाढेभोवती लाल चौकट, शेजारी आकडा: 87 टक्के.

इथे गुमान मान डोलवायची. '87 टक्के कशाचे?' असं चुकूनही विचारायचं नाही. दाढ 87 टक्के किडली, असं आपणच समजून घ्यावं आणि हबकावं. तो आकडा दाढेचा नसून यंत्राला स्वतःच्या अंदाजाबद्दल वाटणाऱ्या खात्रीचा आहे, हे कळलं तर रात्री उगाच शांत झोप लागेल.

चौकट दाताच्या मानेपाशी असेल तर विशेष घाबरा. वर एनॅमलचं कवच, खाली जबड्याचं हाड आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दोन्ही नाही. तिथून किरण सहज आरपार जातात आणि एक्स-रेत काळी पाचर दिसते, हुबेहूब किडीसारखी. डेंटिस्ट मंडळी तिला 'सर्व्हायकल बर्नआउट' म्हणतात. या सावलीला फसू नका, हे त्यांना कॉलेजातच बजावलेलं असतं. म्हणून एखादा डॉक्टर चौकट बघूनही हवेच्या फवाऱ्याने दात कोरडा करतो, आरसा तिरका धरतो, प्रोब अलगद फिरवतो, मागच्या खेपेचा एक्स-रे शेजारी लावतो आणि म्हणतो, "थांबू या, सहा महिन्यांनी बघू." असा माणूस भेटला तर ताबडतोब डॉक्टर बदला. साप साप म्हणून भुई धोपटायची ऐन वेळ आली असताना हा गृहस्थ दोरी तपासत बसलाय!

उलट बाजूही तितक्याच निष्ठेने सांभाळा. दाढ ठणकतेय, पण चौकट नाही? मग तुमचं दुखणं चुकलं असणार. दाताला गेलेली बारीक चीर एक्स-रेत सहसा दिसत नाही. कीडसुद्धा त्या जागेची साधारण 30 ते 40 टक्के खनिजं गेल्याशिवाय उमटत नाही. पण घास चावताना कळ कुठे येते, हे डॉक्टरांना सांगत बसू नका. पडद्याचा अपमान होतो.

(यंत्राची बदनामी करायचा माझा हेतू नाही. दिवसाच्या शेवटी दमलेल्या डोळ्यांतून निसटणारी दोन दातांमधली कीड ते खरोखर पकडतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं पारखणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022 मध्ये अशाच एका सॉफ्टवेअरला मान्यता दिली, त्याचं नावच 'सेकंड ओपिनियन'. दुसरं मत! पहिलं कोणी द्यायचं, हे विचारणारे तुम्ही कोण?)

कीड एनॅमलपुरतीच असेल, तर फ्लोराइड आणि नीट ब्रशिंगने ती आहे तिथेच थांबू शकते, असंही कोणी सांगेल. दुर्लक्ष करा. लाल चौकट ब्रशने थोडीच पुसली जाते? त्यापेक्षा ड्रिल करून फिलिंग भरून घ्यावं. काही वर्षांनी ते निखळेल, मग त्याहून मोठं भरावं, पुढे रूट कॅनाल, त्यावर कॅप. एका चौकटीवर जन्माचं नातं जुळतं.

1896 साली ओटो वाल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दाढांचा एक्स-रे काढला, तेव्हा तो 25 मिनिटं किरणांसमोर निश्चल राहिला. तुम्हाला अर्ध्या मिनिटाचा एक प्रश्नही विचारायची गरज नाही, केवढी ही प्रगती!

राहता राहिला विम्याचा दावा. काही विमा कंपन्याही आता एक्स-रे यंत्राकडूनच तपासून घेतात. कितपत संशय आला की चौकट काढायची, हे प्रत्येक यंत्राला कोणीतरी ठरवून दिलेलं असतं आणि दवाखान्याचं व कंपनीचं मत जुळलंच पाहिजे असा काही नियम नाही. तेव्हा दाढ कोरून झाल्यावर 'सदर एक्स-रेमध्ये कीड आढळली नाही' असं उत्तर आलं, तर चिडू नका. फोन करून भांडावंसं वाटेल, पण भुलीचं इंजेक्शन अजून उतरलेलं नसतं आणि खालचा ओठ हनुवटीवर लोंबत असतो.