चेन नव्हे, पीळ घातलेली सुतळी

नमस्कार ताई,

"मिरजेच्या लॅबमधली एक" एवढीच सही करून तुम्ही मला चांगलंच झापलंय. पेशीत डीएनएची नक्कल कशी होते यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डीएनए बॅगेच्या चेनसारखा उघडतो हे माझं वाक्य चूक. लॅबमध्ये डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरच्या मशीनला धागे सोडवायला ९४-९५ अंश लागतात, तेव्हा पेशीत ३७ अंशांना ते सुटणं शक्यच नाही, मी काहीतरी गाळलंय. आणि लेखातल्या चित्रात दोन धाग्यांची दिशा दाखवणारे दोन्ही बाण एकाच दिशेला आहेत.

चेनचं मान्य. तुमचं वाचून मी सांगलीच्या मार्केट यार्डातून आलेल्या हळदीच्या पोत्याची दोन पेडी सुतळी खिडकीच्या गजाला बांधली आणि मोकळ्या टोकाकडून पेड ओढायला लागलो. वीतभर सुटले. मग पुढचा पीळ दाटत गेला, सुतळी स्वतःभोवतीच वेटोळी घालायला लागली आणि शेवटी हलेना. (आई म्हणाली, "एवढं शिकून गुंताच करायला शिकलास व्हय?") डीएनएचेही असेच दोन पेड, आणि त्यांना साधारण साडेदहा अक्षरांमागे (म्हणजे ए, टी, जी, सी या घटकांमागे) एक वेढा. ई. कोलाय जिवाणूत नक्कल सेकंदाला हजारेक अक्षरं पुढं सरकते, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास वेढे उलगडायचे. त्यात त्याचा डीएनए म्हणजे बंद कडं. मोकळं टोकच नाही, पीळ जाणार कुठून?

तिथं गायरेज नावाचं विकर दोन्ही पेड कापतं, कापलेली टोकं हातची सुटू न देता त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग पार करतं आणि पुन्हा जोडून टाकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची गोळी नेमकी इथंच घाव घालते: कापू देते, जोडू देत नाही. हे लेखात यायलाच हवं होतं. सोपं करायच्या नादात खरी गंमतच मी काढून टाकली.

उष्णतेचं मात्र पटलं नाही. मशीनमध्ये सगळी लांबी एकदम सोडवायची असते आणि मदतीला कुणी नसतं. पेशीत पेड सोडवणारं हेलिकेज नावाचं विकर असतं. जिवाणूत ते कड्यासारखं एका पेडाभोवती बसतं, एटीपी हे पेशीचं इंधन खर्चत पुढं सरकतं आणि दुसरा पेड बाजूला सारतं. एका वेळी सुटतात ते समोरचे, दोन पेडांना जोडणारे मोजके हायड्रोजन बंध. सुटलेले पेड परत चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर लगेच प्रथिनं बसतात. मी "आपोआप सुटतात" असं लिहिलं होतं, तेवढा शब्द मागे घेतो.

बाणांची चूक माझीच. जुने दोन धागे उलटसुलट दिशांचे आणि नवा धागा एकाच दिशेनं वाढणारा, म्हणून एका बाजूची नक्कल सलग होते, दुसऱ्या बाजूची तुकड्यातुकड्यांनी. जिवाणूत हे तुकडे हजार-दोन हजार अक्षरांचे असतात, नंतर लायगेज नावाचं विकर ते सांधतं. रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जपानी नवरा-बायकोनं १९६८ साली हे मांडलं.

चित्र आज रात्री बदलतो. सुतळी अजून गजालाच आहे, चेनच्या फोटोच्या जागी तिचाच टाकतो.