पहिलं महालक्ष्मी तीर्थ, शेवटचं कोटीतीर्थ

आईला रामेश्वरला नेऊन आणलं. बाबांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू अकरा वर्षं देव्हाऱ्यात होता. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू परत गंगेला न्यायची, मग यात्रा पुरी होते. बाबा गेले, गडू राहिला. आई दर सोमवारी तो चिंचेने घासायची, बोलायची काही नाही. यंदा निघालोच.

एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पांबन पुलावरून गाडी बेटावर जाते. दोन्ही बाजूंना नुसता समुद्र. आईने खिडकीचा गज पूल संपेपर्यंत सोडला नाही.

देवळासमोरच्या अग्नितीर्थावर, म्हणजे समुद्रातच, डुबकी मारायची आणि ओलेत्याने आतल्या बावीस तीर्थांवर जायचं. ही तीर्थं म्हणजे बहुतेक विहिरीच. काठावर उभा असलेला माणूस दोरीची बादली सर्रकन खाली सोडतो, वर ओढतो आणि समोरच्याच्या डोक्यावर ओततो. फरशीवर पाणीच पाणी. लहान पोरं, म्हाताऱ्या बायका, सगळे निथळत पुढच्या विहिरीकडे पळतात.

पहिल्या विहिरीचं नाव महालक्ष्मी तीर्थ. आईने तिथेच हात जोडले, "आपली अंबाबाई इथंबी हाय बघ." मग सावित्री, गायत्री, नल, नील, गंगा, यमुना करत शेवटची बावीसावी विहीर आली. कोटीतीर्थ! आपल्या कोल्हापुरातल्या तळ्याचं नावही हेच. कोल्हापूरच्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, ते इथल्या माणसालाच कळेल.

कोरडं नेसून मग दर्शन. गाभाऱ्यातले पुजारी पूर्वापार मूळच्या महाराष्ट्रातल्या घराण्यांतले. गडू त्यांच्याकडे गेला तेव्हा आई रडली.

पण माझ्या डोक्यातून ते पाणी जात नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीचं पाणी गोडं! पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. फार जोरात उपसलं तर खारं पाणी वर चढतं. दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीला गेलो. डिसेंबर १९६४ च्या वादळात ते गाव प्रवासी गाडीसकट समुद्राने गिळलं. तिथे किनाऱ्याजवळ एका बाईने वाळूत हाताने खड्डा केलेला, कोपरभर खोल. तळाशी पाणी झिरपत होतं. तिने वाटीने अलगद भरून दिलं. चव घेतली, अगदी आपल्या आडाच्या पाण्यासारखं.

मला वाटतं, त्या बावीस विहिरी टिकल्या त्या रोज हजारो माणसं ते पाणी डोक्यावर घेतात म्हणून. जे पाणी आपल्या आईच्या डोक्यावर पडणार, त्यात कोण घाण टाकेल?

आणि आपण? आपल्याला दक्षिण काशी म्हणतात. अंबाबाईच्या आवारातलं मणिकर्णिका कुंड आपण बुजवलं, वर स्वच्छतागृह बांधलं. अलीकडे ते उपसून मोकळं केलं, त्याचा मनापासून आनंद आहे. पण पंचगंगेचं काय? दरवर्षी जलपर्णी, दरवर्षी मेलेले मासे, दरवर्षी फोटो, आणि पाऊस आला की सगळं विसरायचं. घाटावर आपण दीपोत्सवाला हजारो पणत्या लावतो, त्याच पाण्याने तोंड धुवायची मात्र आपली तयारी नसते. हे मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही. कोटीतीर्थावरून मी वीस वर्षं ये-जा करतोय. त्यात मिसळणारं सांडपाणी रोज बघतोय. एकदाही कुणाला जाब विचारला नाही, एक साधा अर्जसुद्धा केला नाही. आता करणार आहे. गल्लीतल्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी घरी या.

सेतूची वाळू पुरचुंडीत बांधून गडवाच्या जागी ठेवली आहे. काल संध्याकाळी आई म्हणाली, कोटीतीर्थाला जाऊन येऊ. पायरी उतरली, पदर सावरून वाकली, पाण्याकडे बघितलं आणि हात न घालताच सरळ झाली.