आत्याच्या डब्यातले दहा लाख

रविवारी सकाळी नागपूरच्या महालातून आत्याचा फोन. "बाबू, एकवीसशे रुपये भरून दे ना तुझ्या फोनवरून. संध्याकाळी देते मी तुला." कशाचे, तर नोंदणीचे. कसली नोंदणी, तर नाण्यांच्या लिलावाची. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला निरोप तिने आदल्या रात्रीच मला पाठवला होता, मी उघडला नव्हता. उघडला, वाचला आणि चहा तसाच ठेवून गाडी काढली.

निरोप थोडक्यात असा. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लिलावात दहा लाख मिळतात. नाणं जितकं जुनं तितका भाव जास्त; घरात १८६२ चा राणीछाप रुपया असेल तर तुम्ही लखपती झालातच. सालाखाली चांदणी असेल तर भाव दुप्पट. दुर्मीळ नाण्याचा भाव फक्त चढतो, कधी उतरत नाही, सोन्यापेक्षा भारी गुंतवणूक; सोबत कोटींना गेलेल्या एका नाण्याचं चित्र. नाणी स्वच्छ घासून फोटो पाठवा, 'रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने' नोंदणी शुल्क भरा, तीन दिवसांत पैसे खात्यात.

हाच निरोप गेली काही वर्षं सोंगं बदलून फिरतोय. कधी ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, कधी ७८६ चा नंबर. मी पंचवीस वर्षं नाणी जमवतो, त्यामुळे नातेवाइकांत याचं उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आपोआप आलंय. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पैशांचं आधी. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धिपत्रक काढलं होतं. त्यात म्हटलंय की काही लोक बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी जनतेकडून शुल्क, कमिशन, कर मागत आहेत. बँक असल्या व्यवहारांत पडत नाही, असं शुल्क कधीही मागत नाही, आणि आपल्या वतीने ते गोळा करण्याचा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला, कंपनीला किंवा व्यक्तीला दिलेला नाही. याहून स्पष्ट काय लिहायचं असतं? आत्याचं म्हणणं, "पण फोटोत बँकेचा शिक्का दिसून राहिला ना." संविधान चौकाला ती अजूनही आरबीआय चौकच म्हणते. म्हटलं, उद्या चल, बँक तुझ्याच चौकात आहे, दारात उभं राहून विचारू. तर म्हणे, एवढ्या उन्हात कोण जाईल.

खऱ्या लिलावात नाणं विकलं गेलं की विकणाऱ्याच्या रकमेतून कमिशन कापतात, आणि घेणाऱ्याला बोलीच्या वर आणखी काही टक्के द्यावे लागतात. विकणाऱ्याने नाणं दाखवायच्याही आधी अनोळखी खात्यात पैसे टाकायचे, असा लिलाव मला आजवर भेटला नाही.

आता ते दहा लाखांचं नाणं. वैष्णोदेवी श्राइन बोर्डाला पंचवीस वर्षं झाली म्हणून २०१२ मध्ये पाच आणि दहा रुपयांची नाणी काढली, ती बाजारात सुटी म्हणून फिरली. भाजीवाल्याने परत दिलेलं नाणं दुर्मीळ कसं असेल? कोऱ्या, न वापरलेल्या नाण्याला एखादा हौशी माणूस दर्शनी किमतीहून थोडे जास्त देतो, एवढं मान्य करतो. पण कुणी विक्रीच्या साइटवर दहा लाख लिहिलं म्हणजे दहा लाखांना विकलं गेलं असं होत नाही. माझ्या अंगणातल्या जुन्या स्कूटरवरही मी दहा लाखांची पाटी लावू शकतो. चांदणीचं तर दोन ओळींत आटपतं. चांदणी ही हैदराबादच्या टांकसाळीची खूण आहे, तशीच मुंबईची चौकट हिऱ्यासारखी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. नाणं कुठे पाडलं एवढंच ती सांगते.

जुनं म्हणजे महाग, हे मात्र शिकलेल्या माणसांच्याही डोक्यात बसलंय. आत्याच्या डब्यात खरोखरच १८६२ चा रुपया निघाला, तिच्या आजेसासूचा. गंमत अशी की १८६२ हे साल त्या रुपयावर पुढे १८७४ पर्यंत तसंच छापत राहिले. बारा-तेरा वर्षांची नाणी एकाच सालाची! म्हणून तो रुपया आजही घरोघरी सापडतो. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. झिजलेला असला तर इतवारीच्या सराफ्यात तो बहुधा चांदीच्याच भावाने जातो. आणि जुनंच पाहिजे असेल तर १९३९ मध्ये आपल्या वऱ्हाडातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांची दीड हजारांवर नाणी एकाच साठ्यात सापडली, इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्यांच्यावर लिहिलंय. दोन हजार वर्षांच्या आसपासचं नाणं, पण एका मडक्यात शेकड्यांनी निघालं तर वयाचा भाव किती धरायचा? (शेतात असलं काही सापडलं तर मनाने विकायचंही नसतं बरं. १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं.)

उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया वयाने त्या राणीछापापेक्षा लहान, पण लोकांच्या हाती फारच थोडा उरला. अस्सल आणि चांगल्या स्थितीतला असेल तर लाखांत जातो. निरोपवाल्यांचं इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. फक्त त्या लाखांपायी १९३८ मधला आठ कोरून नऊ केलेले रुपयेही फिरतात. तुमच्या डब्यातला कोणता, हे फोटोवरून कुणीच सांगू शकत नाही.

आणि आता ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते: भाव कधी उतरत नाही.

लिलावात भाव कोण ठरवतो? लोकांना वाटतं, जिंकणारा. खरं म्हणजे त्याच्याशी शेवटपर्यंत बोली लावून थांबलेला दुसरा माणूस ठरवतो. जिंकणारा त्याच्याहून एकच पायरी वर गेलेला असतो. पुढच्या खेपेला तो दुसरा माणूस नसला, त्याचा संच पूर्ण झाला, पोरीचं लग्न निघालं, धंद्यात पैसे अडकले, की तेच नाणं, तसंच चकचकीत, निम्म्यात जातं. संग्राहकाला एका प्रकारचा एकच नग हवा असतो. तो मिळाला की त्या नाण्यापुरता तो बाजारातून उठला. तांदूळ-डाळीसारखं रोजचं गिऱ्हाईक इथे नसतं.

माल वाढला तर काय होतं तेही पाहा. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा १९०३ चा चांदीचा डॉलर अतिशय दुर्मीळ समजला जाई. कोऱ्या नाण्याचा भाव कॅटलॉगात दीड हजार डॉलर. बहुतेक नाणी वितळवली गेली असा सगळ्यांचा समज होता. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच नाण्यांच्या न उघडलेल्या थैल्या बाहेर आल्या आणि बँकेत एका डॉलरला एक मिळू लागलं. दीड हजारांचं नाणं बघता बघता दोन आकडी भावावर आलं. ज्याने आदल्या वर्षी पूर्ण भावाने घेतलं होतं, त्याच्या नाण्यात काय खोट होती? काहीच नाही.

दुसरा प्रकार पैशाच्या लाटेचा. १९८६-८७ मध्ये तिकडे नाण्याची प्रत, म्हणजे दर्जा, ठरवून ते प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून देणाऱ्या दोन कंपन्या निघाल्या. प्रत लिहिलेली आली म्हटल्यावर ज्यांनी आयुष्यात नाणं नीट पाहिलं नव्हतं असे गुंतवणूकदार उतरले. १९८९ मध्ये भाव आभाळाला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कितीतरी नाणी निम्म्याहून खाली. लाट ओसरल्यावर विकणारे सगळे एकदम दारात, घेणारे मात्र तेच जुने मोजके हौशी.

"पण ते कोटींचं नाणं?" हे निरोपातलंच चित्र. बरं, जगातलं सगळ्यात गाजलेलं घेऊ. १९३३ चा अमेरिकी वीस डॉलरचा सोन्याचा 'डबल ईगल'. ४,४५,५०० पाडले, चलनात न आणताच जवळपास सगळे वितळवले. खासगी माणसाला कायदेशीरपणे बाळगता येतो असा एकच उरलाय, इजिप्तच्या राजा फारूककडचा. २००४ मध्ये एका कुटुंबाने आणखी दहा दाखवले, तर अमेरिकी सरकारने ते ठेवून घेतले आणि कोर्टातही जिंकलं. ते दहा बाजारात सुटले असते तर या एकाचं काय झालं असतं, ते वरच्या थैल्यांवरून ओळखा. तर हा एकमेव नग २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ७५.९ लाख डॉलरला गेला. बोली ६६ लाखांवर थांबली होती, उरलेले लिलावघराचे १५ टक्के. वर नाणं चलनात आणल्याचे म्हणून सरकारने दर्शनी किमतीचे वीस डॉलरही वसूल केले! २०२१ च्या जूनमध्ये तेच नाणं सुमारे १.८९ कोटी डॉलरला विकलं. अडीच पट, एकोणीस वर्षांत. वर्षाला पाच टक्क्यांहून किंचित कमी.

हिशेब करून दाखवला तेव्हा आत्या म्हणाली, "एवढं तर पोस्टात मिळते."

आणि सोन्यापेक्षा भारी म्हणता? २००२ मध्ये त्या लिलावाच्या सुमारास साध्या सोन्याचा औंस तीनशे डॉलरच्या थोडा वर होता, २०२१ च्या जूनमध्ये अठराशेच्या वर. सहा पट. म्हणजे जगातलं सगळ्यात प्रसिद्ध नाणं सोन्याच्या लगडीकडून हरलं. आणि हे जिंकलेल्याचं उदाहरण झालं. १७९४ चा अमेरिकेचा पहिला चांदीचा डॉलर २०१३ मध्ये एक कोटी डॉलरवर गेला होता. २०२० मध्ये पुन्हा लिलावात ठेवला तेव्हा बोली राखीव, म्हणजे आधी ठरवलेल्या किमान, किमतीपर्यंतही पोचली नाही, मालकाला परत न्यावा लागला. निरोपात हा फोटो नाही.

राहिलं घासायचं. मी पोचलो तेव्हा आत्याने डबाभर नाणी चिंचेत भिजवून, घासून, गच्चीवर फडक्यावर वाळत घातली होती. सगळी एकसारखी गुलाबी-पांढरी. संग्राहक नाण्याच्या मूळ झळाळीला आणि वर्षानुवर्षं चढलेल्या रंगाला पैसे देतो. घासलेलं नाणं भिंगाखाली बारीक ओरखड्यांनी भरलेलं दिसतं आणि ते परत कधी भरून येत नाहीत. त्या १८६२ च्या रुपयावर राणीच्या केसांत छान काळपट सावली होती, मी लहानपणी पाहिलेली. आता गेली. आत्याला बोललो नाही काही. तिने तो लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायला वेगळा काढला, तिथे चमकेलच.

एकवीसशे वाचले. पण तिच्या मंडळातल्या एका काकूंनी शुक्रवारीच भरले होते, आणि शनिवारी त्यांना जीएसटीचे म्हणून आणखी साडेआठ हजार भरायचा निरोप आला. आत्याच्या फोनवरूनच त्यांना लावला: पुढचा पैसा देऊ नका, मेसेज पुसू नका, आत्ताच्या आत्ता सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार करा. काकू म्हणाल्या, करते, पण घरी ह्यांना कळायच्या आत होईल ना?